फुफ्फुसाच्या कॅन्सरला रेडिएशन: थ्रीडी, आयएमआरटी, व्हीमॅट, एसबीआरटी की प्रोटॉन?

आयसोसेंटर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.४०

पुण्यात लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर (रेडिएशन देणारं मशीन) असलेली हॉस्पिटलं आता बरीच आहेत आणि बहुतेकांच्या जाहिरातीत मशीनचं नाव सगळ्यात ठळक असतं. त्यामुळे घरच्यांचा पहिला प्रश्न येतो, "मशीन कुठलं?" आणि दुसरा, "तिकडे ५ शेकांत होतं म्हणतात, मग इथे ३० का?" या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मशीनमध्ये नाही, आजाराच्या स्टेजमध्ये आहे.

गाठ साधारण ५ सेंमीपर्यंतची आहे, छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथी स्वच्छ आहेत, पण श्वासाची ताकद कमी असल्यामुळे किंवा हृदयामुळे ऑपरेशन झेपणार नाही, अशा पेशंटला एसबीआरटी, म्हणजे मोजक्या सिटिंगमध्ये नेमक्या जागी मोठा डोस, देतात: ३ ते ५ सिटिंग, कधी ८. ग्रंथींपर्यंत आजार गेला असेल, म्हणजे तिसरी स्टेज, तर ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) ३० सिटिंगमध्ये, सोबत केमो. दोन्ही 'रेडिएशन'च, पण एकाच्या जागी दुसरं बसवता येत नाही.

किती सिटिंग यापेक्षा गाठीवर परिणाम किती, हे बघायचं असतं. त्यासाठी बीईडी नावाचा हिशोब आहे: एकूण डोस × (१ + एका सिटिंगचा डोस ÷ १०). ६० ग्रे ३० सिटिंगमध्ये, म्हणजे रोज २ ग्रे: ६० × १.२ = ७२. ५० ग्रे ५ सिटिंगमध्ये: ५० × २ = १००. ४८ ग्रे ४ मध्ये: १०५.६. ५४ ग्रे ३ मध्ये: १५१. एसबीआरटीत हा आकडा किमान १०० असावा असा दंडक आहे. ५४ ग्रे हा ६० पेक्षा लहान दिसतो, पण गाठीवर त्याचा मार दुपटीहून जास्त असतो.

मग सगळ्यांनाच तो मार का देत नाहीत? कारण एका सिटिंगचा डोस वाढला की निरोगी भागांना होणारी इजा गाठीपेक्षाही वेगाने वाढते. छातीच्या मध्यात अन्ननलिका, श्वासनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना खेटून असतात. तिथल्या ग्रंथींना एका सिटिंगला १८ ग्रे देणं म्हणजे या सगळ्यांनाही ते देणं.

तंत्रांची तुलना खाली करूच. जाणकारांनी भर घालावी.

श्वासपटल · सोमवार, रात्री १०.२५

तंत्राच्या आधीची एक पायरी लिहितो, ती चुकली तर पुढचं सगळं वाया जातं.

आपल्याकडे फुफ्फुसातला डाग म्हटलं की आधी टीबी आठवतो. थुंकीत जंतू सापडलेला नसताना टीबीची औषधं सुरू होतात आणि काही महिने तसेच जातात. उलटही होतं. जुन्या टीबीच्या किंवा सार्कॉइडच्या (कॅन्सर नसलेला, ग्रंथी सुजवणारा आजार) ग्रंथी पेट स्कॅनमध्ये छान चमकतात आणि पहिल्या स्टेजचा पेशंट कागदावर तिसऱ्या स्टेजला जातो. पेट चमकलं म्हणजे कॅन्सर पोचला, असं आपल्या देशात धरूच नये. एन्डोब्रॉन्कियल अल्ट्रासाउंडने, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, त्या ग्रंथीतून सुईने नमुना घ्यावा. ५ सिटिंग की ३०, हे त्या एका सुईवर ठरू शकतं.

दुसरं, फुफ्फुसांची क्षमता. नुसती फुंकर मारायची स्पायरोमेट्री पुरत नाही, डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो, ते बघावं लागतं. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) कमी आहे म्हणून एसबीआरटी नाकारायची नसते, ती तर अशाच पेशंटसाठी असते. खरी धोक्याची खूण आहे आयएलडी, म्हणजे फुफ्फुसाचं जाळं कडक होत जाणारा आजार. अशा पेशंटमध्ये नेटकी दिलेली एसबीआरटीसुद्धा जिवावर बेतू शकते. पुण्यात कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आयएलडीचाच एक प्रकार, छातीच्या डॉक्टरांना ओळखीचा आहे. म्हणून गॅलरीत कबुतरं येतात का, हे रेडिएशनच्या आधी विचारलंच पाहिजे आणि एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारीक कापांचा सीटी) त्या नजरेने पुन्हा बघितलं पाहिजे.

नवी_पेठ_४११०३० · मंगळवार, सकाळी ७.५०

तिसऱ्या स्टेजबद्दल विचारतो. थ्रीडी-सीआरटी, आयएमआरटी आणि व्हीमॅट यांत डोस तोच, ६० ग्रे. मग खर्चात पडणाऱ्या फरकाच्या बदल्यात नेमकं काय मिळतं?

आयसोसेंटर · मंगळवार, सकाळी ९.१५

थ्रीडीत ३-४ दिशांनी किरण येतात, प्रत्येकाला गाठीच्या बाह्याकृतीचा आकार दिलेला असतो, पण आतली तीव्रता जवळपास सारखी. आयएमआरटीत ५ ते ९ दिशा, आणि प्रत्येक दिशेच्या किरणाचे तुकडे करून कुठे दाट, कुठे विरळ. व्हीमॅटमध्ये तेच काम मशीन पेशंटभोवती फिरता फिरता करतं. आयएमआरटीला १०-१५ मिनिटं लागली तर व्हीमॅट २-४ मिनिटांत संपतं. दम लागणाऱ्या माणसाला हात डोक्यावर घेऊन सपाट झोपायचं असतं, त्यामुळे या मिनिटांना किंमत आहे.

पुरावा सांगतो. अमेरिकेतल्या आरटीओजी ०६१७ या अभ्यासाने ६० विरुद्ध ७४ ग्रे तपासलं. जास्त डोस घेतलेले पेशंट कमी जगले: निम्मे पेशंट हयात असण्याचा काळ ६० ग्रेच्या गटात २८.७ महिने, ७४ च्या गटात २०.३. त्याच अभ्यासात आयएमआरटी घेतलेल्यांच्या गाठी मोठ्या होत्या, तरी गंभीर न्यूमोनायटिस (रेडिएशनने फुफ्फुसाला येणारी सूज) ३.५% लोकांना झाला, थ्रीडीत ७.९%. तंत्र चिठ्ठी टाकून वाटलेलं नव्हतं, त्यामुळे हा पुरावा पहिल्या दर्जाचा नाही, पण दिशा स्पष्ट आहे. हृदयाला गेलेला डोस जगण्याशी जोडलेला आहे, हेही तिथेच ठळकपणे पुढे आलं.

म्हणून माझं मत असं: दोन्ही बाजूंच्या ग्रंथी, मणक्याला किंवा हृदयाला लागून असलेला आजार, मोठी गाठ, यांत आयएमआरटी किंवा व्हीमॅटसाठी आग्रह धरावा. वरच्या लोबमधली (फुफ्फुसाच्या कप्प्यातली) लहान गाठ आणि त्याच बाजूच्या एक-दोन ग्रंथी असतील, आणि थ्रीडीत सगळे आकडे मर्यादेत बसत असतील, तर थ्रीडी कमअस्सल नाही. अशा वेळी दोन्ही प्लॅन करून शेजारी ठेवायला सांगा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होणार असेल तर पूर्वमंजुरी नेमकी कुठल्या तंत्राच्या पॅकेजला मिळाली, हे आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. निम्म्या वाटेवर तंत्र बदलणं पैशांच्या आणि उपचाराच्या, दोन्ही दृष्टीने त्रासाचं.

डोसग्रिड · मंगळवार, दुपारी १.०५

व्हीमॅटची दुसरी बाजू राहिली. मशीन पूर्ण गोल फिरलं की थोडा थोडा डोस दोन्ही फुफ्फुसांवर शिंपडला जातो. २० ग्रेहून जास्त डोस मिळालेला भाग, म्हणजे व्ही२०, सुंदर दिसतो, पण ५ ग्रेचा भाग, व्ही५, फुगतो. उपाय सोपा आहे: पूर्ण गोलाऐवजी गाठीच्या बाजूचे अर्धे आर्क (मशीनच्या फेरीचे कंस) वापरायचे आणि निरोगी फुफ्फुसातून आत शिरणाऱ्या कोनांवर किरण बंद ठेवायचे. ०६१७ मध्ये व्ही५ आणि गंभीर न्यूमोनायटिसचा संबंध दिसला नाही हे खरं. तरी आधीच निकामी झालेल्या फुफ्फुसांत व्ही५ मोकाट सोडू नये, या मतावर मी ठाम आहे.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते: डोस मोजणारं गणित. फुफ्फुसाची घनता पाण्याच्या पाव ते एक तृतीयांश. किरणांनी मोकळे केलेले इलेक्ट्रॉन अशा हलक्या पेशींत लांब पळतात आणि गाठीच्या कडेला डोस कमी पडतो. पेन्सिल बीमसारखं जुनं गणित हे पकडत नाही. स्क्रीनवर गाठ पूर्ण झाकलेली दिसते, प्रत्यक्षात कड उपाशी राहते. याचं मोठं उदाहरण म्हणजे आरटीओजी ०२३६. तिथे एसबीआरटीचा डोस ६० ग्रे ३ सिटिंगमध्ये असा लिहिला होता, पण घनतेची दुरुस्ती न करता. नीट मोजल्यावर तो ५४ ग्रे निघाला. आजचे ५४ तिथूनच आलेत. म्हणून गणित एएए, कोलॅप्स्ड कोन, अ‍ॅक्युरॉस किंवा माँटे कार्लो यांपैकी असावं, आणि ग्रिड (डोस मोजायच्या चौकटींची जाळी) एसबीआरटीला २ मिमी किंवा त्याहून बारीक.

ऊर्जेचंही तसंच. जाड छातीला १५ एमव्ही (किरणाच्या ऊर्जेचं माप) चांगलं ही समजूत फुफ्फुसात उलटी पडते. ऊर्जा वाढली की इलेक्ट्रॉन आणखी लांब पळतात आणि कड आणखी पातळ होते. ६ एमव्ही हवं. एसबीआरटीला ६ एमव्ही एफएफएफ (मधली गाळणी काढलेला किरण) असेल तर उत्तम, डोस खूप वेगाने मिळतो आणि टेबलावरचा वेळ कमी होतो.

व्हॅकबॅग · मंगळवार, संध्याकाळी ६.३०

टेक्नॉलॉजिस्टच्या बाजूने लिहिते. प्लॅन कितीही भारी असो, गाठ हलते. डायाफ्रामजवळच्या खालच्या लोबमधली गाठ एका श्वासात १-२ सेंमी वर-खाली जाऊ शकते, वरच्या टोकाजवळची कित्येकदा २-३ मिमीसुद्धा नाही.

सिम्युलेशनच्या दिवशी काय होतं ते बघा. पेशंट विंगबोर्डवर, हात डोक्यावर, दांड्या धरलेल्या. खाली मण्यांची पिशवी, तिच्यातली हवा ओढून घेतली की ती पाठीच्या आकारात घट्ट होते. पोटावर चमकत्या ठिपक्यांचा लहान प्लास्टिकचा ठोकळा ठेवतो. इन्फ्रारेड कॅमेरा त्याच्याकडे बघत असतो आणि स्क्रीनवर श्वासाची लाट उमटते. सीटी हळू चालतो आणि नंतर त्याच्या चित्रांची श्वासाच्या १० टप्प्यांत वाटणी होते. हा फोर-डी सीटी. माणूस घाबरून मध्येच खोल, मध्येच उथळ श्वास घेऊ लागला की गाठ चित्रात पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेली दिसते, डायाफ्रामला दात पडल्यासारखे दिसतात. अशा चित्रावर गाठ आखू नये, पुन्हा स्कॅन करावा. "हळू घ्या... सोडा..." असं त्यांच्याच बोलीत दहा मिनिटं बोलत राहिलं तर लाट सरळ येते. खांदा जखडलेला असेल तर ते आधीच सांगा. चौथ्या सिटिंगला हात खाली घसरला तर बरगड्या सरकतात आणि सगळं जुळवणं बिघडतं.

डोसग्रिड · मंगळवार, संध्याकाळी ७.१०

व्हॅकबॅग यांच्या पोस्टला जोडून. दहा टप्प्यांतली गाठ एकत्र केली की आयटीव्ही मिळतो, म्हणजे श्वासासकट गाठ जिथे जिथे जाते तो भाग. त्याभोवती सहसा ५ मिमीची कड ठेवून पीटीव्ही, ज्यावर डोस द्यायचा. बरेच जण एमआयपी (सगळ्या टप्प्यांतले उजळ ठिपके एकत्र केलेलं चित्र) या एकाच चित्रावर आयटीव्ही काढून मोकळे होतात. मोकळ्या फुफ्फुसात ते चालतं. डायाफ्रामला किंवा छातीच्या भिंतीला टेकलेल्या गाठीत चालत नाही, कारण एमआयपीत दोन्ही पांढरं पांढऱ्यात मिसळतं आणि गाठीचं खालचं टोक दिसेनासं होतं. तिथे प्रत्येक टप्पा उघडून बघावाच लागतो. आखताना फुफ्फुसातला भाग लंग विंडोवर आणि ग्रंथी मेडियास्टायनल विंडोवर (विंडो म्हणजे चित्राच्या उजेडाची मांडणी). विंडो चुकली तर गाठ काही मिमी लहान किंवा मोठी होते.

गाठ ५ मिमीहून जास्त हलत असेल तर पर्याय असे: पोटावर दाब देणारी पट्टी, गेटिंग, म्हणजे श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच किरण, किंवा श्वास रोखून उपचार. तिसऱ्यासाठी २० सेकंद श्वास धरता आला पाहिजे, सीओपीडीवाल्यांना (श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेल्यांना) तो क्वचितच जमतो. सायबरनाइफ (रोबोटच्या हातावरचं रेडिएशन मशीन) गाठीचा पाठलाग करतं, पण पुष्कळदा आधी गाठीत सोन्याचे कण सुईने घालावे लागतात. जीर्ण फुफ्फुसात त्या सुईने न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा शिरून फुफ्फुस मिटणं) होण्याचा धोका खरा आहे. 'सुईविना' म्हणून हे तंत्र निवडणाऱ्यांना हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

मुळाकाठ · मंगळवार, रात्री ११.०५

रोजच्या जुळवणीबद्दल. टेबलावर झोपल्यावर मशीनच कोन-बीम सीटी काढतं, साधारण एक मिनिट. आधी मणका जुळवतात, पण तिथे थांबायचं नाही. मणका तंतोतंत जुळला तरी गाठ आयटीव्हीच्या रेषेबाहेर डोकावत असू शकते. शेवटचा निर्णय गाठीवर.

तीस सिटिंगच्या उपचारात सगळ्यात जास्त दगा देतो तो मिटलेला लोब. गाठीने श्वासनलिका दाबलेली असते, लोब हवेविना मिटलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाठ आकसते, लोब उघडतो आणि आतलं सगळं जागा बदलतं. कधी पाणी भरतं आणि उलट घडतं. कोन-बीममध्ये हे दिसताच नवीन सीटी आणि नवीन प्लॅन, त्यात दोन-तीन दिवस गेले तरी. "थोडंसंच हललंय" म्हणून तसंच रेटणं ही फार महाग पडणारी चूक आहे.

मुख्य श्वासनलिकांच्या २ सेंमी परिसरातल्या गाठींना ३ सिटिंगची एसबीआरटी देऊ नये. २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात याच भागात जीवघेणे दुष्परिणाम दिसले आणि त्याला 'नो-फ्लाय झोन' हे नाव पडलं. तिथे ५० ग्रे ५ मध्ये किंवा ६० ग्रे ८ मध्ये देतात. शेवटच्याचं बीईडी १०५ येतं, म्हणजे गाठीवरचा मार राखून श्वासनलिकेला सवलत. गाठ श्वासनलिकेला किंवा अन्ननलिकेला प्रत्यक्ष टेकलेली असेल तर तेही जपूनच. एसबीआरटी सहसा रोजही देत नाहीत, ३ सिटिंगच्या पद्धतीत दोन सिटिंगमध्ये किमान ४० तास सोडतात. गाठ बरगडीला लागून असेल तर काही महिन्यांनी छाती दुखणं, क्वचित बरगडी मोडणं संभवतं. म्हणून छातीच्या भिंतीत ३० ग्रेचा भाग ३० सीसीच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो.

नवी_पेठ_४११०३० · बुधवार, सकाळी ८.२०

प्रोटॉन? खारघर पुण्याहून फार लांब नाही.

मुळाकाठ · बुधवार, सकाळी १०.००

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटा मेमोरियलचं प्रोटॉन केंद्र आहे, चेन्नईतही २०१९ पासून एक आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, पलीकडे डोस जवळपास शून्य. हृदय आणि दुसरं फुफ्फुस वाचवायला हे आकर्षक आहे. पण फुफ्फुसात तोच गुण अडचण होतो. वाटेतली बरगडी श्वासागणिक सरकली किंवा गाठ आकसून तिच्या जागी हवा आली, की प्रोटॉन ठरल्यापेक्षा पुढे जाऊन थांबतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, चिठ्ठ्या टाकून वाटप केलेल्या पेशंटांत, प्रोटॉनमुळे न्यूमोनायटिस किंवा गाठ परत येणं आयएमआरटीपेक्षा कमी झालं नाही. ते जुन्या पद्धतीचे प्रोटॉन होते, हे नोंदवायला हवं. छातीला आधी रेडिएशन झालेलं असेल तर पुन्हा देताना प्रोटॉनचा विचार नक्की करावा. पहिल्याच उपचारासाठी मात्र, घरापासून सहा आठवडे लांब राहून आणि तारखेची वाट बघत, असा हट्ट मला पटत नाही. तो वेळ गाठीला मिळतो.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा स्मॉल सेल प्रकार वेगळाच. मर्यादित स्टेजला (आजार छातीच्या एकाच बाजूला असताना) ४५ ग्रे, दिवसातून दोनदा १.५ ग्रे, ३ आठवडे, केमोच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलबरोबर. १९९९ च्या अभ्यासात याने ५ वर्षं जगणारे २६% होते, त्याच ४५ ग्रेच्या रोज एकदाच्या पद्धतीत १६%. दोन सिटिंगमध्ये किमान ६ तास हवेत. बारामती, दौंडच्या पेशंटला मधल्या वेळात घर नाही, तेव्हा ३ आठवडे मुक्कामाची सोय आधी करा. तेही शक्य नसेल तर ६६ ग्रे ३३ मध्ये, रोज एकदा.

पथ्यपाणी · बुधवार, दुपारी १२.४०

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गिळताना टोचायला लागतं. हे प्लॅन चुकल्याचं लक्षण नाही, अन्ननलिकेचं अस्तर सोलवटतं. जेवणाआधी १०-१५ मिनिटं डॉक्टरांनी दिलेलं सुन्न करणारं जेल, मग मऊ भात-तूप, मुगाचं खिमट, कोमट नाचणीची पेज, दही-भात, अंडं खात असतील तर मऊ भुर्जी. तर्री, लोणचं, कडक भाकरी, कढत चहा बंद. वेदना अचानक वाढल्या आणि जिभेवर पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे, औषधाने चार दिवसांत फरक पडतो. दर सोमवारी वजन लिहा. वजन घटलं की नुसता अशक्तपणा येत नाही, पिशवीत शरीर सैल बसतं आणि जुळवणी बिघडते.

श्वासपटल · बुधवार, दुपारी ३.१५

उपचार संपल्यावर १ ते ६ महिन्यांत कोरडा खोकला, दम, बारीक ताप आला तर न्यूमोनायटिस मनात आणा. जवळच्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स होतात, मग टीबीची शंका, आणि तोवर पेशंट ऑक्सिजनवर. सीटीवर डोसचा नकाशा चढवून बघा. पांढरा भाग २० ग्रेच्या रेषेत बसत असेल तर उत्तर तिथेच आहे. जंतुसंसर्ग नाही ना ते तपासून प्रेडनिसोलोन, आणि ते ६ ते १२ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचं. बरं वाटलं म्हणून आठवड्यात बंद केलं की पुन्हा उसळतं. तिसऱ्या स्टेजला केमो-रेडिएशननंतर ड्युर्व्हाल्युमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) द्यायचं असेल तर पॅसिफिक अभ्यासात ते ४२ दिवसांच्या आत सुरू केलं होतं, आणि त्यानेही न्यूमोनायटिस होतो. दोन्ही डॉक्टरांनी एकच सीटी बघावा.

व्हॅकबॅग · बुधवार, रात्री ८.००

तारखांचं एक. तीस सिटिंग सोमवारी सुरू केली तर मध्ये पाच शनिवार-रविवार येतात, गुरुवारी सुरू केली तर सहा. ठरलेल्या दिवसांपेक्षा उपचार दोन दिवसांहून जास्त लांबू नयेत, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी वेगाने वाढतात. पालखी पुण्यात मुक्कामी असते ते दिवस आणि अनंत चतुर्दशी कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी खुणावून ठेवा, पेठांतून गाडी निघत नाही. बुडालेलं सिटिंग शनिवारी घेता येतं, किंवा एखाद्या दिवशी ६ तासांच्या अंतराने दोन. मशीन बंद पडलं तर जुळवलेलं दुसरं मशीन आहे का, हे सुरुवातीलाच विचारा.

नवी_पेठ_४११०३० · बुधवार, रात्री ८.३५

प्लॅन मंजूर होण्याआधी डॉक्टरांना काय काय विचारावं, थोडक्यात?

आयसोसेंटर · बुधवार, रात्री ९.२०

फोर-डी सीटी केला का. गाठ किती मिमी हलते. गणित कोणतं वापरलं. रोज कोन-बीम काढणार का आणि जुळवणी कोण तपासणार. ३० सिटिंगच्या प्लॅनमध्ये फुफ्फुसांचं व्ही२० ३५% च्या आत आहे का, सरासरी डोस २० ग्रेच्या आत आहे का, मणक्यातल्या मज्जारज्जूला कमाल ४५ ते ५० ग्रेच्या आत आहे का, अन्ननलिकेची सरासरी ३४ च्या आत आहे का, हृदयाचं व्ही४० २०% च्या खाली आहे का. एखादा आकडा थोडा वर असेल तर भांडू नका, कारण विचारा. गाठच मोठी असेल तर ते कारण खरं असतं. मात्र आकडे दाखवायलाच नकार मिळाला तर दुसरं मत घ्या.

डोसग्रिड · बुधवार, रात्री ९.५०

आणि शेवटच्या सिटिंगला फाइल घेऊनच बाहेर पडा. डिस्चार्ज कार्डावर "६० ग्रे पूर्ण" एवढंच असतं. दोन वर्षांनी शेजारी नवी गाठ आली तर मज्जारज्जूने कुठे किती डोस खाल्लाय, ते त्या ओळीवरून कळत नाही. पेनड्राइव्हवर डायकॉम (वैद्यकीय चित्रांचं सर्वमान्य फाइल-स्वरूप) मध्ये चार गोष्टी मागा: प्लॅनिंग सीटी, आरटी स्ट्रक्चर (आखलेली गाठ आणि अवयव), आरटी प्लॅन, आरटी डोस. घरी येण्याआधी काउंटरवरच उघडून बघा. बहुतेक वेळा नुसता सीटी कॉपी झालेला असतो आणि डोसची फाइल राहिलेली असते.